मानवी हक्कांचे उपासक : महात्मा जोतीराव फुले

इ. स. १८७३ मध्ये पुण्यातील एका गृहस्थाने ‘गुलामगिरी’ नावाचे एक मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी ग्रंथ लिहिला, की तो एखाद्या संस्थानिकाला, थोर पदावरील साहेबाला किंवा आपल्या गुरूला अर्पण करावयाचा, अशी रीत असे. या लेखकाने मात्र आपले पुस्तक अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केले. त्या देशात तो कधी गेला नव्हता आणि पुढेही कधी जावयाचा नव्हता. त्या लोकांकडून त्याला कसलेही दान किंवा मान मिळावयाचा नव्हता. तरीही सातासमुद्रापलीकडील माणसांची आठवण त्याने का ठेवली असेल बरे? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या चरित्रातच सापडते. त्या लेखकाचे नाव जोतीराव गोविंदराव फुले.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. आजोबांच्या वेळी हे माळी कुटुंब पुण्यास येऊन स्थिरावले. पेशव्यांच्या वाड्यावर फुले, हार व गजरे पुरविण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. जोतीराव जन्मले, तेव्हा पेशवाई बुडून नऊ वर्षे झाली होती. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण फडकत होते. राज्य बदलले होते, पण समाजाची घडी जुनीच होती. कोणी काय शिकावे, कोणी कोणाच्या विहिरीवर पाणी भरावे, कोणी कोठे बसावे, हे सारे जन्मावरून ठरत असे.

जोतीराव अवघे एक वर्षाचे असताना त्यांची आई चिमणाबाई निवर्तली. आईविना पोरक्या झालेल्या या बाळाला सगुणाबाई क्षीरसागर नावाच्या मायाळू नातलग स्त्रीने वाढविले. वडील गोविंदराव कष्टाळू होते. त्यांनी मुलाला मराठी शाळेत घातले. मुलगा हुशार निघाला. पण माळ्याच्या मुलाला विद्या कशाला, शिकला तर तो शेताला पारखा होईल, असे लोक गोविंदरावांच्या मनात भरवू लागले. बिचारे गोविंदराव घाबरले आणि त्यांनी जोतीरावांचे नाव शाळेतून काढले. पाटीपुस्तक सुटले आणि हाती खुरपे आले.

तेराव्या वर्षी, इ. स. १८४० मध्ये, जोतीरावांचे लग्न झाले. नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची नऊ वर्षांची कन्या सावित्री त्यांची पत्नी झाली. दिवसभर मळ्यात राबावे आणि सायंकाळी मिळेल ते वाचावे, असा त्यांचा क्रम चालू होता. शेजारी गफार बेग मुनशी नावाचे फारसीचे शिक्षक व लिजिट नावाचे एक साहेब राहत. मुलाची बुद्धी वाया जात आहे, हे या दोघांनी ओळखले. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली. इ. स. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा शिकू लागले. एक मुसलमान व एक ख्रिस्ती शेजारी यांनी एका हिंदू माळ्याच्या मुलासाठी शाळेचे दार पुन्हा उघडविले, ही गोष्ट जोतीराव आयुष्यभर विसरले नाहीत.

या शाळेत त्यांना सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे जिवलग मित्र लाभले. मोरो विठ्ठल वाळवेकर व सखाराम यशवंत परांजपे यांच्याशीही त्यांचा स्नेह जडला. हे सारे मित्र जातीने ब्राह्मण होते. ही तरुण मंडळी अभ्यासाबरोबर अवांतर वाचन करीत. छत्रपती शिवाजी महाराज आणि अमेरिकेचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांची चरित्रे जोतीरावांनी आवडीने वाचली. शाळेचे शिक्षण संपण्याच्या सुमारास, इ. स. १८४७ मध्ये, त्यांच्या हाती थॉमस पेन याचा ‘राइट्स ऑफ मॅन’ म्हणजे ‘मानवाचे हक्क’ हा ग्रंथ पडला. या एका ग्रंथाने त्यांच्या विचारांना नवी दिशा दिली.

हा थॉमस पेन कोण होता, हे आपण थोडक्यात पाहू.

इंग्लंडमधील थेटफर्ड या गावी इ. स. १७३७ मध्ये पेनचा जन्म झाला. त्याचा बाप स्त्रियांच्या काचोळ्या शिवणारा एक साधा कारागीर होता. पेनचे शिक्षण थोडे झाले. अनेक उद्योग करून तो फसला. अखेर इ. स. १७७४ मध्ये तो जहाजात बसून अमेरिकेस गेला. त्या वेळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. आपल्या मतांचा विचार न घेता इंग्लंडची पार्लमेंट आपणांवर कर लादते, म्हणून तेथील लोक असंतुष्ट होते. तरी इंग्लंडच्या राजाशी नाते तोडण्याचे धैर्य बहुतेकांना होत नव्हते. कारण राजा हा राजाच, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या मनात मुरलेली होती. पेनने इ. स. १७७६ च्या आरंभी ‘कॉमन सेन्स’ नावाची एक लहानशी पुस्तिका काढली. केवळ राजाच्या पोटी जन्मला म्हणून कोणी इतरांवर सत्ता गाजविण्यास लायक ठरत नाही, असे त्याने तीत रोखठोकपणे मांडले. त्याची भाषा इतकी सोपी होती, की लोहार, सुतार व शेतकरीही ती पुस्तिका एकमेकांना वाचून दाखवू लागले. हजारो प्रती हातोहात खपल्या. त्याच वर्षी ४ जुलैला अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, त्यांचे काही हक्क हिरावून घेता येत नाहीत आणि राज्यकर्त्यांचा अधिकार प्रजेच्या संमतीवर उभा असतो, हे विचार त्या जाहीरनाम्याचा पाया होते.

पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. तिची बाजू घेऊन पेनने इ. स. १७९१ व १७९२ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध केला. हक्क हे राजाने दिलेले बक्षीस नव्हे. माणूस म्हणून जन्माला येताच ते प्रत्येकाला लाभतात, असे त्याचे प्रतिपादन होते. इंग्लंडच्या सरकारने त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला आणि त्याला फ्रान्सचा आश्रय घ्यावा लागला. इ. स. १८०९ मध्ये न्यूयॉर्क येथे तो मरण पावला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे होती. माणूस गेला, पण त्याचा ग्रंथ समुद्र ओलांडून पुण्यात आला आणि वीस वर्षांच्या एका तरुणाच्या हाती पडला.

जोतीराव तो ग्रंथ वाचू लागले, तेव्हा त्यांना आपल्या भोवतीचा समाज दिसू लागला. पेनने राजघराण्याच्या जन्मसिद्ध अधिकारावर आघात केला होता. आपल्या देशात तर जन्मसिद्ध अधिकाराची उतरंडच रचलेली होती. वरच्या पायरीवर जन्मला तो पूज्य आणि खालच्या पायरीवर जन्मला तो तुच्छ. अतिशूद्रांच्या मुलांना शाळेच्या ओट्यावरही पाऊल ठेवता येत नव्हते. स्त्री कोणत्याही जातीत जन्मली, तरी विद्येचे दार तिला बंदच होते. माणसाचे हक्क जर जन्माबरोबर येतात, तर मग या लोकांचे हक्क कोठे गेले, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागला.

अशातच इ. स. १८४८ मध्ये एक प्रसंग घडला. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाचे आमंत्रण आल्यावरून जोतीराव वरातीत सामील झाले. वरात वाजतगाजत चालली होती. तेवढ्यात, हा माळ्याचा मुलगा आमच्याबरोबर कसा चालतो, म्हणून वरातीतील काही मंडळी त्यांच्यावर संतापली आणि त्यांनी जोतीरावांचा अपमान केला. जोतीराव घरी परतले. घडलेली हकीकत त्यांनी वडिलांस सांगितली. गोविंदरावांनी जुन्या काळच्या कडक शिक्षांची आठवण देऊन मुलाला गप्प राहण्याचा उपदेश केला. त्या रात्री जोतीरावांना झोप आली नसेल, तर त्यात नवल नाही. आपल्यासारख्या शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी माणसाची ही गत, तर गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना रोज काय सोसावे लागत असेल, याची जाणीव त्यांना झाली. आपल्या एकट्याच्या अपमानाचा सूड घेण्याऐवजी, ज्या अज्ञानामुळे लोक असा अपमान निमूटपणे गिळतात, ते अज्ञान नाहीसे करावयाचे, असे त्यांनी मनाशी ठरविले.

पण आरंभ कोठून करावा? याचे उत्तर त्यांना अहमदनगर येथे मिळाले. गोवंडे तेथे नोकरीस होते. त्यांच्याबरोबर जोतीरावांनी अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहिली. ही शाळा मिस सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई चालवीत होत्या. ज्या वर्षी जोतीराव जन्मले, त्याच वर्षीच्या अखेरीस या बाई मुंबईत उतरल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांनी मुलींच्या शिक्षणाला वाहून घेतले होते. त्यांच्या निष्ठेमागेही अमेरिकेतील एक जुना विचार होता. सतराव्या शतकात इंग्लंड सोडून अमेरिकेत वसाहत करणाऱ्या प्युरिटन पंथाच्या लोकांची अशी श्रद्धा होती, की धर्मग्रंथ प्रत्येकाने स्वतः वाचला पाहिजे. म्हणून इ. स. १६४७ मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीने असा कायदा केला, की पन्नास घरांच्या प्रत्येक गावाने मुलांना लिहावाचावयास शिकविणारा एक शिक्षक नेमावा. हे लोक निर्दोष होते, असे नाही. भिन्न मताच्या माणसांना त्यांनी हद्दपार केले, छळले. तरी वाचता येणे हा प्रत्येकाचा धर्म होय, ही त्यांची श्रद्धा त्यांच्या वंशजांनी जगभर नेली. तिचेच एक रोपटे अहमदनगरच्या त्या शाळेत जोतीरावांनी पाहिले. त्यांनी ते पाहिले आणि आपल्या मातीत लावण्याचा निश्चय केला. मिशनच्या शाळांचा हेतू धर्मप्रसाराचाही होता. जोतीरावांना मात्र विद्या हवी होती ती माणसाला माणूसपण लाभावे म्हणून.

पुण्यास परतताच त्यांनी घरापासूनच आरंभ केला. सावित्रीबाईंना त्यांनी लिहावाचावयास शिकविले. इ. स. १८४८ मध्येच बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा उघडली. तात्यासाहेब भिडे यांनी त्यासाठी आपला वाडा दिला. सावित्रीबाई स्वतः शिकवू लागल्या. बाईमाणसाने घराबाहेर पडून शिकवावे, ही गोष्ट त्या काळच्या पुण्याला मानवणारी नव्हती. शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकीत, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर घेऊन जात असत, असे सांगतात. त्या शाळेत पोहोचत, लुगडे बदलीत आणि मुलींपुढे उभ्या राहत.

विरोधकांनी मग गोविंदरावांना गाठले. सून शाळेत शिकविते, यामुळे तुमचे पूर्वज नरकात जातील, असा धाक त्यांनी घातला. गोविंदरावांनी मुलाला व सुनेला बजावले, की शाळा सोडा, नाहीतर घर सोडा. जोतीराव बापाचा द्वेष करीत नव्हते. ज्या बापाने आईच्या माघारी आपल्याला वाढविले, त्याला दुखविणे त्यांच्या जिवावर आले असेल. परंतु एकीकडे बापाची आज्ञा आणि दुसरीकडे ज्यांना कोणीच नाही अशा मुलांचे भवितव्य, अशी निवड समोर उभी राहिली. इ. स. १८४९ मध्ये पतिपत्नी नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर पडली. पैशाअभावी शाळा काही काळ बंद ठेवावी लागली, पण जोतीरावांनी संकल्प सोडला नाही.

३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतील चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पाठोपाठ रास्ता पेठेत व वेताळ पेठेत शाळा निघाल्या. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही जोतीरावांनी शाळा काढल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मोठा समारंभ होऊन सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ज्या शहरात वरातीत चालण्यास ते अपात्र ठरले होते, त्याच शहरात चारच वर्षांनी त्यांना मानाची शाल मिळाली.

पण या शाळांचे खरे यश पाहावयाचे असेल, तर मुक्ताबाई नावाच्या विद्यार्थिनीकडे पाहावे. ती मातंग समाजातील एक लहान मुलगी होती. तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. आपल्या लोकांना जमिनीवरून कसे हुसकावून लावण्यात आले, त्यांना माणूस म्हणून कसे कोणी लेखीत नाही, हे तिने निर्भीडपणे मांडले आणि आपल्या बांधवांना विद्येची कास धरण्याचा उपदेश केला. हा निबंध इ. स. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला. शेकडो वर्षे जिच्या लोकांना अक्षर ठाऊक नव्हते, ती मुलगी तीन वर्षांच्या शिक्षणाने आपल्या समाजाची फिर्याद जगापुढे मांडू लागली! मानवाचे हक्क म्हणजे काय, याचा यापेक्षा उत्तम पुरावा कोणता असू शकेल?

त्याच वर्षी जोतीरावांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्यांसाठी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. इ. स. १८६३ मध्ये फसविल्या गेलेल्या निराधार विधवांसाठी आणि त्यांच्या अर्भकांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्या काळी उच्चवर्णीय विधवांना पुनर्विवाह करण्यास मनाई होती, आणि लोकलाजेपायी अनेक कोवळ्या जिवांचा अंत होत असे. या गृहात कोणत्याही स्त्रीला गुप्तपणे बाळंत होता येई. पुढे तेथील काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा जोतीराव व सावित्रीबाई यांनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. इ. स. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. समतेचे पुस्तक वाचणे सोपे असते; आपल्या हौदाचे पाणी सर्वांना देणे अवघड असते.

आता आपण आरंभीच्या प्रश्नाकडे वळू.

अमेरिकेच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान म्हटली होती. पण त्यावर सह्या करणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी आफ्रिकेतून आणलेले किंवा त्यांच्या पोटी जन्मलेले गुलाम राबत होते. खुद्द वॉशिंग्टनच्या मळ्यावरही गुलाम होते. म्हणजे कागदावरचा विचार थोर होता आणि आचरण त्याच्या उलट होते. या विसंगतीची टोचणी तेथील अनेक सत्पुरुषांना व स्त्रियांना लागली. क्वेकर पंथाच्या लोकांनी गुलामगिरीविरुद्ध आवाज उठविला. अनेकांनी पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला, आणि स्वतः गुलामीतून सुटलेल्या धैर्यशील माणसांनी गावोगाव भाषणे केली. अखेर इ. स. १८६१ ते १८६५ या काळात त्या देशात भयंकर यादवी युद्ध झाले. लाखो माणसे मेली आणि इ. स. १८६५ मध्ये कायद्याने गुलामगिरी नष्ट झाली. जन्माने गोरे असूनही ज्यांनी काळ्या बांधवांच्या मुक्तीसाठी आपले सुख व प्राण वेचले, त्यांच्याविषयी जोतीरावांना अपार आदर वाटला. आपल्या देशातील लोकांनीही तोच कित्ता गिरवावा आणि शूद्रातिशूद्रांना दास्यातून मोकळे करावे, या आशेने त्यांनी ‘गुलामगिरी’ त्या लोकांना अर्पण केले.

‘गुलामगिरी’ हे पुस्तक धोंडीबा व जोतीराव यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेले आहे. धर्माच्या नावाखाली पुरोहितवर्गाने सामान्य जनांवर कसे वर्चस्व मिळविले, यावर त्यात कठोर टीका आहे. तिने पुष्कळ लोक दुखावले. परंतु जोतीरावांचे वैर जन्मावरून मिळणाऱ्या अधिकाराशी होते. त्यांच्या शाळांसाठी झटणारे ब्राह्मण मित्र त्यांना भावासारखे होते, हे विसरता कामा नये.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. ईश्वर आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही. सर्व माणसे एकाच निर्मिकाची लेकरे आहेत. प्रत्येक गोष्ट बुद्धीच्या कसोटीवर घासून घ्यावी, ही त्या समाजाची तत्त्वे होती. पुरोहिताशिवाय आणि थोड्या खर्चात विवाह लावण्याची पद्धत या समाजाने सुरू केली. पेनचीही अशीच काही मते होती. तरी जोतीरावांनी त्याची नक्कल केली, असे समजू नये. त्यांनी बियाणे दूरचे घेतले असेल. जमीन, नांगर आणि घाम त्यांचा स्वतःचा होता. शिवाजी महाराजांवर इ. स. १८६९ मध्ये त्यांनी रचलेला पोवाडा, शेतकऱ्यांना समजेल अशी त्यांची ठसकेबाज मराठी आणि त्यांचे अखंड यांवरून ते या मातीशी किती एकजीव झाले होते, हे दिसून येते.

इ. स. १८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. इ. स. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार, म्हणून त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चावे, असे ठरू लागले. ही रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, असे जोतीरावांचे मत होते. देशातील सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याच्या मर्जीविरुद्ध मत देण्यास दुसरे कोणी धजेना. सरकारने नेमलेल्या सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोधी मत नोंदविले. इ. स. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी लेखी निवेदन सादर केले. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा अन्याय त्यांनी दाखवून दिला आणि निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ पूर्ण केला. विद्या गेल्याने मती जाते, मतीबरोबर नीती, गती व वित्तही जाते आणि एका अविद्येने एवढे अनर्थ होतात, हे त्यांचे सूत्र महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले आहे.

इ. स. १८८८ मध्ये इंग्लंडच्या राणीचा पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. रेशमी अंगरखे व रत्नजडित अलंकार यांनी सभागृह झळकत होते. तेथे जोतीराव फाटके उपरणे पांघरून, गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. येथे जमलेली श्रीमंत मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यांत उपाशी व अशिक्षित आहे, हे राणीसाहेबांना कळवावे, असे त्यांनी राजपुत्राला सांगितले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी येथे भरलेल्या सभेत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. ही पदवी सरकारने दिलेली नव्हती; श्रमिकांनी दिली होती.

पुढे थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. मनात एका ग्रंथाची जुळणी चालली होती आणि लिहिणारा हात गेला होता. एखादा असता तर हताश होऊन बसला असता. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. स्त्री व पुरुष दोघेही जन्मतः स्वतंत्र आहेत आणि सर्व हक्क उपभोगण्यास सारखेच पात्र आहेत, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. एकाच कुटुंबात आई, वडील, मुलगा व मुलगी यांनी वेगवेगळे धर्म स्वीकारले, तरी कोणी कोणाचा द्वेष न करता सर्वांनी प्रेमाने नांदावे, असे चित्र त्यांनी रेखाटले. ज्याने घर सोडताना दुःख भोगले होते, त्यानेच सर्वांना सामावणाऱ्या घराचे स्वप्न पाहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे, यावरून वाद निघाला, तेव्हा सावित्रीबाईंनी पुढे होऊन ते स्वतः हाती घेतले. त्यांचा अखेरचा ग्रंथ पुढील वर्षी प्रसिद्ध झाला. इ. स. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाईही निधन पावल्या.

दिव्याने दिवा लागतो, तसा विचाराने विचार पेटतो. ज्या न्यूयॉर्क शहरात पेन एकाकी मरण पावला, त्याच शहरातील कोलंबिया विद्यापीठात इ. स. १९१३ मध्ये डॉ. भीमराव आंबेडकर शिकावयास गेले. ते बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना आपले गुरू मानीत. जोतीरावांच्या हयातीत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तेथे गोरगरिबांना शिक्षण दुर्मीळ होते. इ. स. १९५० मध्ये त्याच मराठवाड्यात, आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबाद शहरात, आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय उघडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. खेड्यापाड्यांतील कितीतरी मुले तेथे शिकून मोठी झाली. त्याच वर्षी २६ जानेवारीला भारताचे संविधान अमलात आले आणि कायद्यापुढे सर्व माणसे समान ठरली.

तरीसुद्धा समतेचा विचार एकदा कागदावर लिहिला, की काम संपत नाही, हे अमेरिकेच्या इतिहासावरून आपण पाहिलेच. तो विचार रोजच्या वागण्यात उतरावा लागतो; शाळेच्या बाकावर, पाणवठ्यावर, पंगतीत आणि घरात. जोतीरावांनी दूरदेशीचे एक पुस्तक वाचले आणि आपल्या अंगणातील हौद सर्वांसाठी खुला केला. त्यांच्या थोरवीचे मर्म याच एका गोष्टीत साठविलेले आहे.

स्वाध्याय

१. गोविंदरावांनी जोतीरावांचे नाव शाळेतून का काढले? ते पुन्हा शाळेत कोणामुळे जाऊ शकले?
२. ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथातील कोणता विचार जोतीरावांना आपल्या समाजाला लागू पडतो असे वाटले?
३. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील लोकांना का अर्पण केले?
४. मुक्ताबाईच्या निबंधाविषयी चार-पाच वाक्ये लिहा.
५. ‘समतेचे पुस्तक वाचणे सोपे असते, आपल्या हौदाचे पाणी सर्वांना देणे अवघड असते.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
६. तुमच्या गावात किंवा शहरात मुलींची पहिली शाळा केव्हा निघाली, याची वडीलधाऱ्या मंडळींकडून माहिती मिळवा.